मदत हवी आहे : मरणाआधीच्या जबान्या दोन, गोष्टीही दोन. कोर्ट कुठली धरणार?

मी डिचोलीचा. केस चालू आहे, म्हणून नावं सांगत नाही.

माझी मावसबहीण गेल्या चवथीच्या पंधरा दिवस आधी भाजून गेली. रजिस्टरची सही धरा की मांडवातलं लग्न, लग्नाला सात वर्षं काही भरत नाहीत. इस्पितळात आणली तेव्हा सासू उशाशीच उभी होती. डॉक्टरांना म्हणाली, "गॅसचा भडका उडाला." केसपेपरवर तेच आहे. तिसऱ्या दिवशी मामलेदार आले, सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा तिने सांगितलं की नवऱ्याने पेट्रोल ओतलं. हातांना पट्ट्या होत्या म्हणून ठसा पायाच्या अंगठ्याचा घेतलाय. अकराव्या दिवशी गेली.

समोरचे म्हणतात, दोन जबान्या म्हणजे केस बाद. त्यात दुसरीवर 'शुद्धीवर आहे' असा डॉक्टरांचा शेरा नाही, आणि ती कोंकणीत बोलली तरी कागद मराठीत आहे. मावशी एकच विचारते, सगळं आपणच शाबीत करायचं का? तिच्या मोबाइलवर मुलीचा जाण्याआधी महिनाभराचा आवाजी मेसेज आहे: "आई, गाडयेक दोन लाख हाड म्हणटात" (गाडीसाठी दोन लाख आण म्हणतात). त्याचा काही उपयोग?

प्रतिसाद (मडगाव, वकिली करतो)

केस बाद वगैरे काही नाही, घाबरवतायत. आरोपपत्रात कलमं कुठली लागलीत ते आधी बघा, कारण शाबीत करायचा भार कलमाप्रमाणे बदलतो.

खून (न्याय संहिता कलम 103) असेल तर सगळं सरकार पक्षाने शाबीत करायचं. तिथे दुसऱ्या जबानीवर मदार. ती विश्वासार्ह वाटली तर एकटीवरही शिक्षा होऊ शकते, आणि पहिलीच्या वेळी उशाशी कोण होतं हे कोर्ट बघतं. डॉक्टरांचा शेरा नाही एवढ्यावरून जबानी पडत नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र, 2002, पाच न्यायाधीशांचा निकाल आहे. ती शुद्धीवर होती अशी घेणाऱ्याची खात्री पटलेली असली पाहिजे, म्हणून मामलेदारांची साक्ष महत्त्वाची. भाषेचं तेही तिथेच सांगतील.

हुंडाबळी (कलम 80) वेगळं. लग्नापासून सात वर्षांच्या आत, भाजून मृत्यू, हुंड्यासाठी छळ, आणि तो मरणाच्या थोडा आधी. इतकं सरकार पक्षाने दाखवलं की साक्ष अधिनियमाच्या कलम 118 खाली कोर्टाला नवऱ्याविरुद्ध गृहीत धरावंच लागतं. मग तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं त्याच्यावर. 'थोडा आधी' म्हणजे आदल्याच दिवशी असं नव्हे, हे सतबीर सिंग निकालात (2021) आहे. 'गॅसचा भडका' ते इथे वापरणार. म्हणून शेगडी-नळीचा पंचनामा आणि कपड्यांवर पेट्रोल सापडलं का याचा अहवाल मागा. नळी धड असेल तर भडक्याची गोष्ट तिथेच लंगडी पडते.

मेसेज तर सोनं आहे. मरणाशी जोडलेल्या परिस्थितीबद्दल बाईने आधी केलेलं बोलणंही पुराव्यात येतं, 1984 च्या शरद सारडा निकालापासून. मूळ मोबाइल पंचनाम्याने पोलिसांकडे द्या, सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र. नुसता फॉरवर्ड नको.

धागाकर्ता

देव बरें करूं. पण स्क्रीन फुटली म्हणून मावसभावाने मोबाइल काल म्हापशाला दुरुस्तीला टाकलाय.

प्रतिसाद (मडगाव)

दुकान बंद व्हायच्या आत परत आणा. रिसेट करू नको म्हणून आत्ता फोन करा. फुटकी स्क्रीन चालेल.