जुन्या छापील चित्रातल्या या दोन समुद्री प्राण्यांखाली काय लिहू?

चौकटवाला_पंचवटी

नमस्कार मंडळी. पंचवटीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमच्याकडे राम, सप्तशृंगीची देवी, गजानन महाराज आणि वारलेल्या माणसांचे फोटो येतात. परवा एका गिऱ्हाइकाने पुस्तकातून सुटलेलं एक पान आणून दिलं. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं म्हणे. कागद चहासारखा झालाय, कडा हात लावला की झडतात. चित्र काळ्या रेघारेघांचं. खवळलेला समुद्र, त्यात दोन प्राणी समोरासमोर. एकाचं तोंड मगरीचं, डोळा बशीएवढा आणि नाकातून कारंजं उडतंय. दुसऱ्याचं अंग कासवाचं आणि मान सापाची. कोपऱ्यात बारीक सही आहे, ती ‘रियू’ अशी लागते. खालची ओळ फ्रेंच असावी.

गिऱ्हाइकाला माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, मराठीत नाव हवंय. “डायनासोरची लढाई” लिहा म्हणाले. मी पेन्सिलने लिहिलंही. संध्याकाळी सातवीतली मुलगी दुकानात आली, बघून म्हणाली, “बाबा, हे डायनासोर नाहीत आणि चित्रपण चुकलंय.” मोबाइलवर तिने तोच मगरतोंड्या दाखवला, तर तो चक्क डॉल्फिनसारखा! पाठीवर पर, शेपूट चंद्रकोरीसारखी. आमच्या पानावर यातलं काहीच नाही.

तर विचारायचं हे की नेमकं काय लिहू? चुकलेल्या चित्राला दीड हजाराची फ्रेम करायची, तर खाली निदान शब्द तरी बरोबर असावेत. आणि मुलीचा दुसरा प्रश्न, असली हाडं रामशेजच्या डोंगरात सापडतील का?

मिसळवाला७७

आपल्या चौकाचं नाव द्या, “रविवार कारंजा”. पाणी उडतंयच.

दगडधोंडे_नाशिकरोड

दादा, मुलीला माझ्याकडून शाबासकी. मी भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलंय, आता बँकेत आहे. त्यामुळे असा प्रश्न आला की मला राहवत नाही.

दोघेही डायनासोर नाहीत. सरपटणाऱ्यांपैकीच, पण घराणी वेगळी. मगरतोंड्या तो इक्थिओसॉर, लांबमान्या तो प्लेसिओसॉर. सही खरंच रियू असेल, तर हे एदुआर रियूचं काम दिसतंय. लुई फिगिए या फ्रेंच लेखकाच्या १८६३च्या पुस्तकासाठी त्याने पृथ्वीच्या जुन्या युगांची चित्रं काढली होती, त्यात ही जोडी आहे आणि कारंजंही आहे.

कारंजं देवमाशावरून आलं. खरं तर देवमासाही पाणी उडवत नाही, तो जोरात श्वास सोडतो आणि त्याची वाफ दिसते. इक्थिओसॉरच्या नाकपुड्या डोळ्यांच्या पुढे दोन बाजूंना असतात, डोक्यावर नसतात. फुप्फुसं होती म्हणून श्वास घ्यायला वर यावं लागे, एवढंच खरं. बशीएवढ्या डोळ्याला मात्र हसू नका. काही जातींमध्ये तो वीस सेंटिमीटरहून मोठा होता. बुबुळाभोवती हाडाच्या पट्ट्यांचं कडं असतं, ते जीवाश्मात टिकतं, म्हणून माप कळतं.

शेपटीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. तिथल्या कड्यात १८११ साली जोसेफ ॲनिंग या मुलाला एक कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी त्याची बहीण मेरी हिने त्या प्राण्याचं बाकीचं अंग शोधलं. तेव्हा मेरी बारा-तेरा वर्षांची होती (तुमच्या मुलीएवढीच की). पुढे असे बरेच सांगाडे मिळाले. त्यांत शेपटीचे मणके टोकाकडे एकाएकी खाली वाकलेले. लोकांना वाटलं, मेल्यावर शेपूट मोडली असेल. चित्रकारही ती सरळ, सरड्यासारखी काढत राहिले. १८३८मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने विचारलं की सगळ्यांची शेपूट एकाच जागी कशी मोडेल? तिथे उभा पर असला पाहिजे, त्याच्या ओझ्याने ती वाकली असणार. परात हाड नसतं, म्हणून तो उरला नव्हता. पुढे १८९०च्या दशकात जर्मनीत होल्ट्समाडेनच्या काळ्या पाटीच्या दगडात असे नमुने मिळाले, की हाडांभोवती अख्ख्या अंगाचा काळा ठसा होता. पाठीवर त्रिकोणी पर, शेपूट चंद्रकोर, आणि मणके त्या कोरीच्या खालच्या टोकात शिरलेले. शार्कमध्ये ते वरच्या टोकात जातात. म्हणजे मणके खरोखर वाकलेलेच होते, मोडलेले नव्हते. रियूने चित्र काढलं तेव्हा हा ठसा कुणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे पाठीवरच्या परासाठी त्याला दोष देणं मला पटत नाही. कारंजं मात्र त्याच्या खात्यावर.

मास्तर_सिन्नर

रामशेजला सापडणार नाहीत. तीस वर्षं भूगोल शिकवला, दरवर्षी कुणी ना कुणी विहिरीतून निघालेला गोल धोंडा आणून “सर, डायनासोरचं अंडं” म्हणायचाच. फोडला की आत गारगोटीचे स्फटिक. आमच्या सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलीला घेऊन या, तिथे असे दगड पाहत बसाल.

रामशेज, पांडवलेणी, ब्रह्मगिरी हा सगळा थंड झालेल्या लाव्ह्याचा काळा दगड. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. इक्थिओसॉर त्याच्या दोन-अडीच कोटी वर्षं आधीच संपले होते. प्लेसिओसॉर टिकले होते, पण ते समुद्रात आणि आपला दगड जमिनीवर ओतलेला. मूर्ती कितीही जुनी असली तरी देव्हाऱ्याच्या बांधकामात सापडत नाही, तसं. गोदावरीच्या गाळात नांदूर-मधमेश्वरकडे प्राचीन हत्तीचे जीवाश्म मिळालेत, पण ते त्या मानाने कालचे.

इक्थिओसॉर बघायचाच तर कच्छ. लोडाई गावाजवळ जवळजवळ अख्खा सांगाडा निघाला, २०१७मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. साडेपाच मीटर लांब, वय सुमारे पंधरा कोटी वर्षं.

चौकटवाला_पंचवटी

सर, ताई, आभार. वाचून दाखवलं. “बारा वर्षांची” एवढंच ऐकून मुलगी हवेत आहे. आता ओळ अशी ठरवतोय: “इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर. १८६३ साली समजले होते तसे.” लढाई लिहू की नको? आणि वॉटरप्रूफ काळी शाई चालेल का, की तपकिरी बरी दिसेल?

दगडधोंडे_नाशिकरोड

“समजले होते तसे” फार छान. तेवढं साल पक्कं करून घ्या. पान नंतरच्या आवृत्तीतलंही असू शकतं, म्हणून “मूळ चित्र १८६३” असं लिहिलेलं बरं.

लढाई नको. ती या जोडीच्या मागे लागलेली जुनी खोड आहे. १८३० साली हेन्री दे ला बेश या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने काढलेल्या जलरंगात इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची मान धरलीय आणि त्या बिचाऱ्याला भीतीने परसाकडला होतंय, तेही काढलंय! नुसता वात्रटपणा नव्हे. प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म तेव्हा नुकतेच ओळखू येऊ लागले होते. त्या चित्राच्या छापील प्रती विकून पैसे मेरी ॲनिंगला दिले, तिची ओढाताण चालू होती.

शाई तपकिरीच घ्या. मेरीची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने बेलेम्नाइट म्हणजे माकुळाच्या जुन्या भाऊबंदांच्या जीवाश्मातली वाळलेली शाई पाण्यात कालवली आणि त्याच शाईने इक्थिओसॉरची कवटी रेखाटली. १८३३च्या पत्रात ते चित्र आहे. कोट्यवधी वर्षांची शाई, तीही चालली.

मिसळवाला७७

आमच्या सोसायटीच्या बोर्डावरचं नाव दोन पावसाळ्यांत गेलं.

चौकटवाला_पंचवटी

तपकिरी ठरलं. गिऱ्हाइकाला फोन केला, डायनासोर नाहीत म्हटल्यावर थोडे हिरमुसले. मग विचारलं, “पण कारंजं राहील ना?” राहील म्हटलं. आता एकच अडचण. “डायनासोरची लढाई” मी पेन्सिल दाबून लिहिली होती, खोडलं तरी माउंटवर खाच उमटलीय. माउंट नवा कापावा लागणार. पैसे कुणाकडून घेऊ, मुलीकडून?