शब्दचर्चा: संघराज्य, राज्यसंघ आणि ‘एकात्म’

प्रश्न (सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतून): सर, राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘संघराज्य’ (फेडरल) आणि ‘एकात्म राज्य’ (युनिटरी, म्हणजे सगळ्या अधिकाराचं केंद्र एकच) अशी जोडी दिली आहे. क्लासच्या नोट्समध्ये कुठे ‘एकात्मक’, कुठे ‘एकात्मिक’, तर जुन्या पुस्तकात ‘एककेंद्री’ दिसतं. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे, तर उत्तरात नेमकं काय लिहायचं? आणि ‘संघराज्य’ व ‘राज्यसंघ’ एकच ना?

उत्तर: नाही, एकच नाहीत. आधी तेच बघू, कारण तिथला घोटाळा जास्त जुना आहे.

समास सोडवा. तत्पुरुषात शेवटचं पद महत्त्वाचं. ‘संघराज्य’ हे शेवटी राज्य आहे. सार्वभौम सत्ता एकच, फक्त बांधणी संघाची. ‘राज्यसंघ’ हा शेवटी संघ आहे. त्यातली राज्यं स्वतःचं सार्वभौमत्व राखून काही कामांपुरती एकत्र येतात. पुण्यात राहून राज्यसंघाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. उत्तर पेशवाईतले शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले पेशव्यांना मानत, पण फौज ज्याची त्याची आणि मुलखाचा वसूलही ज्याचा त्याचा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, म्हणून तो शिंदे-भोसल्यांनी मानला असं झालं नाही. ते लढले, आणि १८०३ च्या डिसेंबरात दोघांनी इंग्रजांशी वेगवेगळे तह केले, भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला. संघराज्यात एखाद्या घटकाने परक्या सत्तेशी असा स्वतंत्र तह करणं बसत नाही. त्यामुळे उत्तरपत्रिकेत ‘मराठा संघराज्य’ दिसलं की मी तिथे लाल खूण करतो. ‘मराठा राज्यसंघ’ लिहा, किंवा ‘मराठामंडळ’ हा जुना शब्द आहेच.

देशाच्या नावावर मात्र विसंबू नका. स्वित्झर्लंडच्या अधिकृत नावात आजही राज्यसंघ आहे, पण १८४८ च्या घटनेपासून तो देश संघराज्य आहे.

खरी गाठ आपल्याच घटनेत आहे. अनुच्छेद १ म्हणतो, भारत हा ‘राज्यांचा संघ’ असेल. षष्ठी तत्पुरुषाच्या नियमाने याचा समास केला तर हाती येतो ‘राज्यसंघ’, म्हणजे नेमकं जे घटनाकारांना नको होतं ते! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी या शब्दयोजनेचं स्पष्टीकरण दिलं होतं. हा संघ घटकांनी आपसात करार करून तयार केलेला नाही, आणि करारच नसल्यामुळे त्यातून फुटून निघण्याचा हक्क कुठल्याही घटकाला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा ‘राज्यांचा संघ’ हे शब्द घटनेचे म्हणून जसेच्या तसे लिहा, त्यांचा समास करू नका.

रोजच्या मराठीत ‘संघ’ म्हटलं की याच्या उलट चित्र डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडचा दूध संघ घ्या. गावोगावच्या सोसायट्या आधी असतात, त्या मिळून संघ उभा करतात. सोसायट्या नसतील तर संघच नाही. भारतात क्रम निराळा आहे. आजच्या राज्यांनी भारत केलेला नाही, आजची बहुतेक राज्यं संसदेच्या कायद्यांनी झाली आहेत. (संस्थानांनी भारतात येताना सह्या केलेल्या करारांचा, म्हणजे सामीलनाम्यांचा मुद्दा इथे कुणीतरी काढेल. पण सह्या करणारी ती संस्थानं विलीन झाली, आज ती घटकराज्यं म्हणून उरलेली नाहीत.) आपला महाराष्ट्रसुद्धा मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० या संसदेच्या कायद्याने झाला. त्यामागे लोकांचा लढा होता, संयुक्त महाराष्ट्र समिती याच पुण्यात फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झाली, माणसांनी त्यासाठी प्राण दिले. हे सगळं मनापासून मान्य करूनही कायद्याच्या भाषेत कर्ता संसदच आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न.

‘एकात्मिक’ इथे चालणार नाही. तो शब्द वेगवेगळ्या गोष्टींची एकत्र सांगड घालण्यासाठी रुळला आहे, जसं एकात्मिक बालविकास योजना, एकात्मिक कीड व्यवस्थापन. ‘एकात्मक’ हा हिंदी पुस्तकांतून आलेला दिसतो. अर्थ चुकीचा नाही, पण मराठीत त्याची गरज नाही. ‘एकात्म’ पाठ्यपुस्तकांत रूढ आहे, त्याला गुण मिळतील. तरीही माझं मत ‘एककेंद्री’ला आहे आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

‘राष्ट्रीय एकात्मता’ हे शब्द आपण शाळेपासून ऐकत आलो. उद्देशिकेत ‘एकता आणि एकात्मता’ आहे. त्यामुळे ‘एकात्म’ शब्द कानावर पडला की मनात आधी एक सद्गुण उभा राहतो. मग परीक्षार्थी लिहितो, ‘भारतात विविधतेत एकात्मता असल्याने येथील शासन एकात्म स्वरूपाचे आहे.’ असं वाक्य मी वारंवार तपासलं आहे. व्याकरण शुद्ध, हस्ताक्षर सुंदर, आणि विधान साफ चुकीचं. ज्या घटनेच्या उद्देशिकेत एकात्मता आहे त्याच घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती (दोघांच्या सामाईक विषयांची) सूची अशी अधिकारांची वाटणी आहे. एकात्मता ही लोकांच्या मनाची गोष्ट. शासन किती केंद्रांतून चालतं ही अधिकाराची गोष्ट. दोन्हींसाठी एकाच मुळाचा शब्द वापरला की राज्यांचे अधिकार मागणारा माणूस देशाच्या एकीविरुद्ध बोलतोय असं न म्हणताच सूचित होतं. हे मला घातक वाटतं. म्हणून एककेंद्री! त्यात स्तुती नाही, निंदा नाही, अधिकाराचं केंद्र एक एवढंच तो शब्द सांगतो.

एककेंद्री संबंध कसा असतो ते पुण्यातच बघा. महापालिकेची हद्द कोण ठरवतं? राज्य शासन. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं शासनाच्या अधिसूचनांनी हद्दीत आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पालिकेला यात मत मांडता येतं, नकाराधिकार नाही. वरच्याने कायद्याने दिलं आणि वरचाच कायद्याने परत घेऊ शकतो, हा एककेंद्री संबंध.

पुरवणी प्रश्न: पण सर, अनुच्छेद ३ नुसार संसदही राज्यांची हद्द बदलते. मग भारत एककेंद्रीच नाही का?

उत्तर: अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. हद्दीपुरतं पाहिलं तर भारत एककेंद्री राज्यासारखाच वागतो. संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, ते मानावं लागत नाही. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी २ जून २०१४ रोजी तेलंगण झालं. पण विषयांच्या वाटणीला संसद साध्या बहुमताने हात लावू शकत नाही. शिक्षण आणि वनं राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली ती १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने. आणि १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य पद्धती हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा, म्हणजे घटनादुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग मानला. डॉ. आंबेडकरांनी त्याच भाषणात म्हटलं होतं की ही घटना काळ आणि परिस्थितीप्रमाणे दोन्ही रूपं घेऊ शकते. ‘अर्धसंघराज्य’ (क्वासी-फेडरल) हा शब्द परीक्षेत चालतो, पण त्याने काही उलगडत नाही. कुठल्या बाबतीत संघराज्य आणि कुठल्या बाबतीत एककेंद्री, ते लिहा.

पुरवणी प्रश्न: बहुभाषिक देशाला संघराज्यच लागतं, असं लिहिलं तर चालेल?

उत्तर: ‘लागतंच’ असं लिहू नका, फिनलंडचं उदाहरण आडवं येईल. एककेंद्री देश आहे. फिनिश आणि स्वीडिश दोन्ही तिथे राष्ट्रभाषा आहेत. पण स्वीडिशभाषक ओलांड बेटांना मोठी स्वायत्तता दिलेली आहे, हेही लगेच पुढे लिहा.

उलट बाजूचं उदाहरण श्रीलंकेचं. १९५६ मध्ये एका संसदेने साध्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा केली. ‘आमच्या प्रांतात असं नको’ म्हणायला तमिळ भागाकडे विधिमंडळच नव्हतं. १९७२ च्या घटनेत देश एककेंद्री असल्याचं स्पष्ट लिहिलं गेलं. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळायला १९८७ ची १३वी दुरुस्ती यावी लागली, तोवर देशात युद्ध पेटलेलं होतं. आणि आपल्या चर्चेशी थेट जुळणारी गोष्ट म्हणजे २०१७ मध्ये नव्या घटनेच्या अंतरिम अहवालात सिंहलीसाठी ‘एकीय राज्य’ आणि तमिळसाठी ‘ओरुमित्त नाडु’ असे शब्द सुचवले होते. त्यांचा अर्थ एकच का, यावरून मोठा वाद झाला. ती घटना पुढे सरकली नाही.

बेल्जियमही १८३० पासून एककेंद्रीच होता. डच आणि फ्रेंच भाषकांच्या भांडणात १९६८ मध्ये ल्यूवेनच्या विद्यापीठावरून सरकार पडलं, विद्यापीठाचे दोन भाग झाले आणि ग्रंथालयाची पुस्तकंसुद्धा सम आणि विषम क्रमांकांप्रमाणे वाटली गेली. बहुखंडी ग्रंथांचं काय झालं असेल, कल्पना करा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने अधिकार वाटत १९९३ मध्ये तो देश घटनेने संघराज्य झाला. भांडणं आजही आहेत, पण देश एक आहे.

भारतातलं माझ्या मते सगळ्यात बोलकं कलम राजभाषा अधिनियमाचं ३(५), १९६७ च्या दुरुस्तीने आलेलं. संघाच्या कामातला इंग्रजीचा वापर थांबवायचा तर हिंदी ही राजभाषा न केलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव करावे लागतात. एक जरी राज्य अडलं तरी काम अडलं. श्रीलंकेत १९५६ ला जे नव्हतं ते हेच. आणि अनुच्छेद ३४५ मुळे महाराष्ट्राला १९६४ चा स्वतःचा राजभाषा अधिनियम करता आला, मराठीसाठी दिल्लीची परवानगी मागावी लागली नाही. उत्तरात हे दोन संदर्भ घाला; ‘विविधतेत एकता’ या वाक्यापेक्षा त्यांचं वजन जास्त आहे.

पुरवणी प्रश्न: ‘केंद्र सरकार’ की ‘संघ सरकार’?

उत्तर: बोलताना ‘केंद्र सरकार’च, ते आता बदलणार नाही. तमिळनाडूत २०२१ पासून राज्य सरकारने ‘मध्य’ऐवजी ‘संघ’ या अर्थाचा ‘ओन्ड्रिय अरसु’ हा शब्द ठरवून वापरायला घेतला, त्यावर बरीच चर्चा झाली. घटनेच्या भाषेला तो अधिक जवळचा आहे. लेखी उत्तरात अधिकारांबद्दल लिहिताना ‘संघशासन’ लिहावं. ‘केंद्र’ म्हटलं की राज्यं आपोआप परिघावर जातात आणि ‘केंद्राने राज्याला अधिकार दिले’ असं चुकीचं वाक्य हातून उतरतं. अधिकार दोघांनाही घटनेने दिले आहेत.

पुरवणी प्रश्न: आणि विशेषण? ‘संघीय’, ‘संघात्मक’ की ‘संघराज्यीय’?

उत्तर: ‘संघात्मक’ पद्धतीसाठी (संघात्मक शासनपद्धती), ‘संघराज्यीय’ रचनेसाठी. ‘संघीय’ शुद्ध आहे, पण बातम्यांतून तो बहुधा परदेशांसाठी वापरला जातो, आणि मराठीत ‘संघीय’ वाचताना कुठला संघ असा प्रश्न पडतो. राज्यांसाठी ‘घटकराज्य’ हा आपला शब्द अवश्य वापरा. त्यामुळे ‘राज्य’ म्हणजे देश की प्रांत हा गोंधळ राहत नाही.