स्पिअरमन की गार्डनर?

ताई, तुमचं म्हणणं, बुद्धिमत्तेच्या धड्यात सगळ्यामागे एक सामान्य बुद्धी मानणारा स्पिअरमन जुना झाला, पोरांना अनेक बुद्धिमत्ता मानणारा गार्डनरच शिकवावा. अर्धं पटतं.

मी यवतमाळकडच्या एका खेड्यात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवतो. मागच्या दिवाळीनंतर कापूस वेचणीवर माझ्याच वर्गातला एक पोट्टा काटा धरून उभा होता. साडेछत्तीस किलो, किलोला आठ रुपये. बाईनं गाठोडं काट्यावरून उतरवेपर्यंत याचं 'दोनशे ब्याण्णव' म्हणून झालं होतं. हाच गडी चाचणीत दशांश चिन्ह दिसलं की पेन खाली ठेवतो! ब्राझीलमध्ये रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास १९८५ साली छापून आला: धंद्यावर हिशेब जवळपास बिनचूक, कागदावर तसंच गणित आलं की गडबड. त्याच वर्षी स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञानं विश्लेषणात्मक, सर्जनशील आणि व्यावहारिक अशी बुद्धीची तीन अंगं मांडली. हा पोट्टा समजून घ्यायला मला तीच कामी येतात.

पण १९०४ चा स्पिअरमन मोडीत काढू नका. एका विषयात पुढं असलेलं पोर बहुधा दुसऱ्यातही पुढं असतं, हे त्याचं निरीक्षण अजून टिकून आहे. 'सामान्य घटक', म्हणजे सगळ्या विषयांत कामी येणारी ती एक बुद्धी, त्यातूनच आला. गार्डनरच्या १९८३ च्या सात बुद्धिमत्ता (आठवी, निसर्गविषयक, मागून जोडली) वर्गात भाव खातात, पण त्या खरंच एकमेकींपासून सुट्या आहेत याचा पुरावा तोकडाच.

आणि हो, थर्स्टन या आणखी एका मानसशास्त्रज्ञाचे बुद्धीचे सात घटक वेगळ्या तासाला घ्या. आमच्याकडे निम्मा वर्ग दरवर्षी थर्स्टनचे सात गार्डनरच्या सातांत घालतो.