येणे खात्यांचे बिलिंगसाठी गट कोणत्या निकषावर पाडावेत?

प्रश्न

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या लेखा विभागात नवे सॉफ्टवेअर बसवले असून विद्यार्थ्यांच्या येणे खात्यांचे (म्हणजे त्यांच्याकडून येणे असलेल्या रकमांच्या खात्यांचे) गट पाडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी शाखा आणि वर्ष यांनुसार गट केले आणि वसतिगृहासाठी एक वेगळा गट ठेवला. पहिली बिले निघाली तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच बाकी दोन बिलांत दिसली. एका विद्यार्थिनीचे शिक्षण शुल्क प्रायोजक संस्था भरते, तरीही पूर्ण रकमेचे बिल तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांचा फोन आला, तेव्हा मला काहीच सांगता येईना. गटांची मांडणी मुळातच चुकली आहे का?

उत्तर 1

होय, निकष चुकला आहे. बिल कोणाच्या नावे, कोणत्या तारखेला आणि कोणत्या अटींवर काढायचे, एवढेच बिलिंगच्या गटाने ठरवावे. विद्यार्थी कोणत्या शाखेत शिकतो, याचा बिलाशी संबंध नाही. ती माहिती अहवालासाठी लागते आणि ती विद्यार्थ्याच्या नोंदीतून घेता येते. वसतिगृह शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, ग्रंथालयाचा दंड ही शुल्काची शीर्षे, म्हणजे प्रकार आहेत, त्यांचे गट करू नयेत. एका विद्यार्थ्याच्या खात्यावर अनेक शीर्षे असू शकतात, पण ते खाते एका वेळी एकाच बिलिंग गटात असले पाहिजे. हा नियम पाळला की दुहेरी बिलाचा प्रश्न उरत नाही. स्वतः भरणारे, हप्त्यांनी भरणारे, प्रायोजक संस्था आणि शिक्षण सोडून गेलेले थकबाकीदार, असे चार गट बहुतेक ठिकाणी पुरतात. गट जितके वाढतील, तितकी महिनाअखेरची जुळवणी किचकट होते, हे मी अनुभवाने सांगतो.

उत्तर 2

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र प्रायोजकाच्या बाबतीत केवळ गट बदलून भागणार नाही. संस्थेचे स्वतंत्र येणे खाते उघडावे. समजा, एकूण शुल्क 100 असून त्यातील 70 संस्था भरणार आहे, तर आधी विद्यार्थिनीचे खाते 100 ने नावे करावे (म्हणजे तिच्याकडून तेवढे येणे दाखवावे), मग संस्थेचे लेखी हमीपत्र हाती आल्यावर 70 संस्थेच्या खात्याला नावे व विद्यार्थिनीच्या खात्याला जमा करावेत (म्हणजे तिचे येणे तेवढे कमी करावे). त्यामुळे घरी 30 चे आणि संस्थेला 70 चे बिल जाते, आणि येण्यांच्या नियंत्रण खात्याची (सर्व येणे खात्यांची एकत्रित रक्कम दाखवणाऱ्या खात्याची) एकूण बाकी 100 च राहते. संस्थेने पुढे नकार दिला, तर हीच नोंद उलटवता येते. हमीपत्राशिवाय ही नोंद कधीही करू नये, कारण संस्थेने हात वर केले की विद्यार्थिनीला वर्षाच्या शेवटी अचानक मोठी मागणी जाते आणि ते तिच्यावर अन्यायकारक ठरते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एखादा विद्यार्थी सत्राच्या मध्येच हप्त्यांच्या गटात गेला, तर त्याच्या जुन्या थकबाकीचे वय (ती किती दिवस थकली आहे ते) कसे मोजावे?

उत्तर 1

गट बदलताना जुनी नोंद पुसू नये, लागू होण्याची तारीख घालून नवी नोंद करावी. थकबाकीचे वय मात्र मूळ देय तारखेपासूनच मोजावे, मग कप्पे 30, 60 आणि 90 दिवसांचे असोत किंवा दुसरे कोणते असोत. गट बदलताच वय शून्यावर आले, तर जुनी येणी अहवालात ताजी दिसतात आणि संशयित येण्यांसाठीची तरतूद (वसुलीची खात्री नसलेल्या येण्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम) कमी पडते. हप्त्यांच्या लेखी कराराने देय तारखाच बदलल्या असतील, तर नव्या तारखा धराव्यात, पण मूळ तारीख वेगळ्या रकान्यात जपावी. बिले पाठवण्यापूर्वी चाचणी बिलिंग करून सर्व गटांच्या बाक्यांची बेरीज नियंत्रण खात्याशी ताडून पाहावी. बेरीज जास्त आली तर कोणीतरी दोन गटांत आहे आणि कमी आली तर कोणीतरी एकाही गटात नाही, ही शंका आधी घ्यावी. दोन्ही चुका एकमेकींना झाकूही शकतात, म्हणून खात्यांची संख्याही मोजावी.

प्रश्नकर्ती

आज चाचणी बिलिंग केले. बेरीज कमी आली आणि तपासल्यावर तीन खाती गटाविना राहिलेली सापडली. तिन्ही विद्यार्थी उशिरा प्रवेश घेतलेले होते. त्यांना गट दिल्यावर रक्कम आणि संख्या दोन्ही जुळल्या. त्या विद्यार्थिनीच्या घरी दुरुस्त बिल पाठवले असून वडिलांना फोन करून चूक आमची होती, हेही सांगितले आहे.