विषय: नोम ते कोट्झेब्यू, अंतर किती आणि वेळ किती?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून येताहेत. अलास्कातल्या अँकरेजहून आधी नोम, तिथे मैत्रिणीकडे दोन दिवस, मग छोट्या विमानाने इकडे कोट्झेब्यूला. बाबांनी कोथरूडच्या घरी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावली, तर हे अंतर पुणे-नागपूरपेक्षा जास्त भरलं! "एवढं लांब एका इंजिनाच्या विमानातून? तुझ्या आईला मी बसवणार नाही," म्हणाले. माझं ते ऐकत नाहीत. कुणी नीट समजावून सांगेल का?

— कोट्झेब्यूहून

*

ताई,

मी महिनाभर पुण्यातच आहे, सदाशिव पेठेत. हे पत्र काकांना जसंच्या तसं वाचून दाखवा.

काका, तुमची पट्टी बरोबर आहे, नकाशा ताणलेला आहे. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये असा नकाशा जहाजांसाठी काढला. होकायंत्राची एक दिशा धरून गेलं की नकाशावर सरळ रेघ यावी म्हणून. त्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश आडवा ताणावा लागतो, आणि आकार बिघडू नये म्हणून उभाही तेवढाच.

रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर साधारण १११ किलोमीटर, पुण्यात १०५, आणि नोम-कोट्झेब्यूच्या मधे जेमतेम ४६. आता वहीत मांडा. नोम ६४.५ अक्षांशावर, कोट्झेब्यू ६६.९ वर: उत्तरेकडे सुमारे २६४ किलोमीटर. रेखांशांत २.८ अंशांचा फरक, म्हणजे पूर्वेकडे १३०. पायथागोरस लावला की २९४. पुणे-बेळगाव सरळ रेषेत जवळपास एवढंच आहे. नकाशावर ते पुण्याच्या मापाने सव्वादोन पटींहून जास्त दिसतं, म्हणून तुम्हाला नागपूर आठवलं.

सेस्ना कॅराव्हॅन, म्हणजे तुम्ही म्हणता तसलं एका इंजिनाचं छोटं विमान, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे तासाभराचा प्रवास. समोरून ताशी पन्नासचा वारा असला तर दहा-बारा मिनिटं जास्त. मधे एखाद्या गावात टपाल किंवा माणसं उतरवायची असली तर आणखी.

पण काकू, खरी तयारी या तासाची नाही, थांबण्याची करा. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं आणि विमान जागचं हलत नाही. नोमहून कोट्झेब्यूला रस्ताच नाही, त्यामुळे "गाडी करून जाऊ" हा पर्याय नाही. मी एकदा नोमला दीड दिवस अडकलो होतो. परतीच्या मोठ्या विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेवा. औषधं हातातल्या पिशवीत, सामानात अजिबात नको. छोट्या विमानात सामानाबरोबर माणसांचंही वजन विचारतात, तेव्हा चकलीचे डबे बेताने भरा.

आणि एक: जूनमध्ये कोट्झेब्यूला सूर्य मावळतच नाही. जाड पडदे आहेत ना, ताई?

— नोमचा जुना रहिवासी, सध्या पुणे

*

दादा,

पडदे आहेत. बाबांनी आज कोपऱ्यावरच्या दुकानातून पृथ्वीगोल आणला. दोऱ्याने नोम-कोट्झेब्यू मोजलं, तोच दोरा पुण्यावर ठेवला, तर टोक बेळगावाजवळ आलं. मग आईला हाक मारली आणि तिच्याकडूनही मोजून घेतलं. तिकिटं आज रात्री काढतेय, परतीला दोन दिवस मोकळे ठेवून. चकलीचा एकच डबा, असं आईने कबूल केलंय.