मदत हवी आहे: पाहुण्यांचा पाणी-विजेचा वापर कसा आवरता?

तारकर्लीजवळ आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. मे महिन्यात विहीर तळाला जाते, आणि पाहुणे समुद्रावरून आले की शॉवर सोडून अर्धा तास उभे! परवा सहा जणांनी हजार लिटरची टाकी दुपारपर्यंत संपवली. मोरीत वाळू इतकी, की जाळी काढून हाताने उपसली. एसी चालू नि दार सताड उघडं, हे तर रोजचंच. आई म्हणते, पाहुण्याला पाण्यावरून बोलायचं नाही (तिला काय, बिल मी भरतो). अंगणात पाय धुवायला नळ बसवला, तिथे कोणी थांबतच नाही. खोलीला सबमीटर लावून जादा युनिटचे पैसे कोणी घेतं का? बुकिंगलाच सांगता की निघताना? शॉवर काढून बादली-तांब्या ठेवला तर रिव्ह्यू बिघडतात का?