रेडिओवरच्या मायलेकी आणि आमचा सोसायटी ग्रुप

बी ३०४ वहिनी: काल रात्री ओटा आवरता आवरता एक रेडिओ डॉक्युमेंटरी ऐकली, बाहेरच्या देशातली आहे, पाऊण तासाची, लिंक वर टाकलीय बघा. १९८० च्या आसपास महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून दत्तक गेलेली मुलगी, युरोपात वाढली, आता चाळिशी ओलांडलीय, ती आईला शोधत येते. गावाचं नाव गाळलंय. मला वाटलं मिठ्या असतील रडारड असेल, तर तसलं काही नाहीच. आई तिला पाटावर बसवते, खणानारळानं ओटी भरते आणि विचारते जावई काय करतात. हिनं लग्नच केलेलं नाही. तिथून जे अडकतं ते शेवटपर्यंत सुटत नाही

ए १०२ काका: इंग्रजीत आहे का

बी ३०४ वहिनी: निवेदन इंग्रजीत आहे काका, पण आई आपल्यासारखीच बोलते

सी ४०१ ओंकार: मी अर्धी ऐकली. आई लईच कोरडी वाटली राव. एवढ्या वर्षांनी पोरगी समोर आलीय आणि ही विचारते चहात साखर किती

ए २०१ सिस्टर मावशी: ओंकार तू अर्धीच ऐकलीस ते दिसतंय. मी प्रसूती वॉर्डात नोकरी केली आयुष्यभर, असल्या बायका बघितल्यात, रात्री यायच्या, सोबत मावशी नाहीतर थोरली बहीण, केसपेपरवर नाव वेगळंच सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत निघून जायच्या, पोटाला घट्ट बांधून एस्टीत बसायच्या. ही बाई तशीच. पुढं तिचं लग्न झालं, दोन मुलं, सुना, नातवंडं, आणि घरात कुणाला पत्ता नाही. म्हणून तर भेट बहिणीच्या घरी ठेवली, दुसऱ्या गावात. ती रडली असती तर शेजारी आले असते विचारायला

सेक्रेटरी: उद्या पाणी येणार नाही, आजच टाक्या भरून घ्या. गाड्या धुऊ नका 🙏

डी ५०२ स्मिता ताई: सिस्टर मावशी पटतंय, पण मुलीची बाजू कोण घेणार. तिकडं डॉक्टरकडं गेलं की आधी विचारतात घरात कुणाला शुगर, कुणाला कॅन्सर, आणि ही दरवेळी ते रकाने मोकळे सोडते. एवढं विचारायचाही हक्क नाही का तिला? माझी लेक जर्मनीत आहे, तीही आता सगळं तोंडावर विचारते, आई तुला काय वाटलं, तुला राग आला का, मला उत्तरच सुचत नाही, मग मी म्हणते फोन ठेव कुकर झाला

बी ३०४ वहिनी: 😂 अगदी हेच ताई. ती माईक पुढं धरून विचारते, मला देताना तुला काय वाटलं. आई म्हणते, वांग्याची भाजी अजून घे. आणि निवेदनात ती म्हणते आईनं उत्तर टाळलं

ए १०२ काका: कायद्याचं सांगतो, कोर्टात कारकुनी केलीय. त्या वेळी परदेशी लोकांना दत्तक देण्यासाठी वेगळा कायदा नव्हता, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम व्हायचा आणि मूल विमानात. १९८४ ला लक्ष्मीकांत पांडे केसमध्ये सुप्रीम कोर्टानं नियम घालून दिले. आता मूल सोपवलं तरी आईला फेरविचाराला २ महिने असतात. आणि मूळ शोधायचं तर २०२२ च्या नियमांप्रमाणे दत्तक गेलेल्या माणसानं स्वतः अर्ज करायचा, तिऱ्हाईताला परवानगी नाही. नाव सांगू नका असं आईनं कळवलेलं असेल तर तिची संमती लागते. आपल्या जिल्ह्यात हा विषय जुना आहे, पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं अनाथ बालकाश्रम निघाला तो १८७५ साली

सी ४०१ ओंकार: मग रेडिओवर आवाज कसा लावला तिचा

ए २०१ सिस्टर मावशी: मला तेच खुपलं. मुलीचा हक्क आहे मान्य, स्मिता ताई म्हणतात ते खरंच आहे. पण नाव गाळून काय उपयोग, बाई बोलली की गावातलं शेंबडं पोर सांगेल कुणाची आई बोलतेय. ती हो म्हणाली असेलही, पण पाहुणी म्हणून आलेल्या लेकीला नाही कोण म्हणतंय

डी ५०२ स्मिता ताई: हो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण तिच्या नावानं ओरडूही नका, तिला वाढवलं त्या घरात सगळं बोलूनच मिटवायचं असतं

बी ३०४ वहिनी: शेवट ऐका तरी. निघताना मुलगी विचारते मी तुझ्या घरी कधी येऊ. आई म्हणते घरी नको, आषाढीला पंढरपूरला ये, तिथं भेटू. आणि पोरीला वाटतं आई आपल्याला लपवतेय, विमानतळापर्यंत धुसफुस चाललीय नुसती

ए २०१ सिस्टर मावशी: अगं लपवतेय कुठं! तिथं कुणी कुणाला विचारत नाही ही तुझी कोण म्हणून. दिवसभर हात धरून फिरता येईल. तिच्याकडं द्यायला एवढंच आहे आणि ते तिनं दिलंय

सी ४०१ ओंकार: मग ती येणार का

बी ३०४ वहिनी: तारीख बघतेय, एवढ्यावर संपते

ए १०२ काका: आषाढीला पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकीला ये म्हणावं

बी ३०४ वहिनी: काका गर्दी पाहिजे म्हणूनच तर

ए १०२ काका: कार्तिकीलाही कमी नसते. आणि पाऊस नाही, बाहेरून आलेल्या माणसाला लगेच सर्दी होते